बी चावून बघा

शनिवार-रविवारी नाशिकच्या गंगापूर रस्त्याने गेलं की वाइनपर्यटन म्हणजे काय, याचं एक ठरावीक चित्र मनात बसतं: काउंटरपाशी दाटी, हातात ग्लास, मागे वेलींची हिरवळ आणि समोर मोबाइल. सुला या वायनरीने २००५ साली इथे वाइन चाखण्याची खास खोली उघडली, तेव्हा देशात असं दुसरं ठिकाण नव्हतं. आता गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी यॉर्क आहे, इगतपुरी तालुक्यात संजेगावच्या बाजूला व्हॅलोने आहे, दिंडोरीकडेही वायनरी आहेत. या गर्दीला पर्याय म्हणजे आठ-दहा जणांची, एक गाडी नि दोन वायनरी एवढीच दिवसाची सहल. ती महाग पडते, म्हणून तिला चैन म्हटलं जातं. माझं म्हणणं असं, की ही चैन नव्हे, विषयाचीच गरज आहे. वाइनमध्ये समजून घेण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं ग्लासात नसतंच, ते वेलीवर असतं, आणि वेलीपाशी पन्नास माणसं उभी राहू शकत नाहीत.

द्राक्षाचा वेल मूळचा थंडीत झोपणारा. नाशिकची थंडी त्याला पुरेशी झोपवत नाही, म्हणून इथे ऋतू कात्री ठरवते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. फ्रान्समध्ये ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर जे घडतं, ते इथे संक्रांत ते होळी या काळात. त्या दिवसांत बागेत गेलं तर पहिला धक्का द्राक्षच देतं. थॉमसन किंवा सोनाका खाणाऱ्याला शिराझचा घड दाखवला तर तो घ्यायचा नाही: मणी बारके, साल जाड, आत बिया. एक मणी चिमटीत दाबावा. रस जवळजवळ बिनरंगी निघतो, जांभळा डाग बोटाला लागतो तो सालीचा. रेड वाइन सालीसकट का आंबवतात आणि व्हाइटसाठी आधी रस का काढून घेतात, हे त्या एका मण्यात कळतं. मग बी चावावी. हिरवी असेल तर जीभ आखडते. तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरली तर घड तयार होत आला. साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर असतो आणि खायच्या द्राक्षापेक्षा बरीच जास्त, २२ ते २४ ब्रिक्सच्या आसपासची साखर वाइनसाठी हवी असते. तरीही तोडणीचा दिवस ठरवताना वाइनमेकर बी चावतोच. दोन ओळींमधल्या चिंचोळ्या वाटेत दहा जणांना हे दाखवता येतं. तीस जण असले तर मागच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. (टपात द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम मजेचा असतो, पण वाइन शिकायला त्याचा उपयोग शून्य.)

चाखण्याच्या टेबलापाशीही संख्येचाच प्रश्न येतो. मोठ्या हॉलमध्ये सांगणारा पाठ केलेलं म्हणतो आणि त्याने ‘ब्लॅककरंट’ म्हटलं की सगळ्यांना ब्लॅककरंटचा वास येऊ लागतो, ते फळ कुणी आयुष्यात पाहिलेलं नसलं तरी. गूजबेरीला शब्दकोशात आवळा सापडतो आणि बिचारा माणूस ग्लासात आवळा शोधत बसतो. लहान गटात आधी नाक, मग बोलणं असा क्रम ठेवता येतो. सोव्हिन्यो ब्लांकमध्ये कुणाला ढोबळी मिरची लागते, कुणाला पेरू, शिराझमध्ये मिरे. यात कल्पनाविलास नाही: शिराझमधला मिऱ्याचा वास रोटुंडोन नावाच्या ज्या रसायनामुळे येतो, ते मिऱ्यातही असतं. आणि टॅनिनसाठी आपल्याकडे ‘तुरट’ हा रोजच्या जेवणातला शब्द तयार आहे. कच्चं जांभूळ खाल्लेल्या जिभेला तो समजावून सांगावा लागत नाही.

पहिला आक्षेप उघड आहे: कितीही शेतीचं नाव घ्या, शेवटी हे मद्यच. खरं आहे. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केलं, आणि वाइन हृदयाला चांगली असं सांगत फिरणाऱ्यांनी ते वाचावं. पण हिशोबही करून बघावा. ३० मिलिलिटरच्या पाच चवी म्हणजे १५० मिलिलिटर. १३ टक्के मद्यार्क धरला तर साधारण १५ ग्रॅम. कायद्याने चालकाची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. हलक्या अंगाचा माणूस रिकाम्या पोटी भरभर पाच चवी घेईल तर एका वायनरीतच ती ओलांडू शकतो. म्हणून टेबलावर थुंकायचं भांडं हवं, ते वापरताना लाजू नये, आणि गाडी न चाखणाऱ्याच्या हातात हवी. जिथे हे भांडं ठेवलेलंच नाही, तिथे चाखणं हे पिण्याचं टोपणनाव आहे असं समजावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: तिकीट शहरी माणूस काढतो, वायनरी कमावते, शेतकऱ्याला काय? २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, अनेकांनी करारावर वाइनची द्राक्षं लावली. २००८ नंतरच्या मंदीत मागणी आटली, तेव्हा त्यातल्या पुष्कळांनी वेल उपटले. बारकं, बियांचं द्राक्ष बाजार समितीत नेऊन उपयोग नव्हता; वायनरीने पाठ फिरवली की त्याला गिऱ्हाईकच नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, तेव्हा एका बाजूने शेतकऱ्याचं भलं आणि दुसऱ्या बाजूने दारू, एवढंच ऐकू आलं. करार किती वर्षांचा, भाव कोण ठरवतो, हे कुणी फारसं विचारलं नाही. सहलीच्या तिकिटातून त्या शेतकऱ्याला आपोआप काही मिळत नाही, हे मान्यच करायला हवं. मात्र आठ जणांच्या गटाला करारावरच्या एखाद्या बागेत नेता येतं आणि मालकालाच हे प्रश्न विचारता येतात. बसभर माणसांना घेऊन हे होत नाही.

तेव्हा पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात: गटात किती जण, आणि आधी बाग की आधी टेबल? मे महिन्यात गेलात तर एकही घड दिसणार नाही, अशी तक्रार असते. नाही दिसणार. पण खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीवरचा डोळा माहीतगाराने दाखवला तर बघून घ्यावा. पुढच्या फेब्रुवारीत तोडायचा घड त्याच उन्हाळ्यात त्या डोळ्यात धरत असतो.