मागच्या चाकांचे कोन: पाच गैरसमज

गाडीला लोअरिंग स्प्रिंग किंवा लिफ्ट किट बसवलं की सगळ्यांचं लक्ष गाडीच्या रुबाबाकडे जातं. पण गाडीची उंची बदलली की बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या चाकांची बैठकही बदलते. ती पुन्हा जुळवली नाही, तर नवे टायर अवेळी झिजतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा भरवसा राहत नाही. म्हणून पार्ट बसवण्याआधीच पुढचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज १: अलाइनमेंट म्हणजे पुढच्या चाकांचं काम.
वस्तुस्थिती: मागची दोन चाकं मिळून ज्या दिशेला रोखलेली असतात, तिकडेच गाडी जाऊ पाहते. गाडीच्या मध्यरेषेपासून ही दिशा जितकी ढळते, त्याला थ्रस्ट अँगल म्हणतात. तो बिघडला की सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं. म्हणून आधी मागची चाकं जुळवायची आणि मग त्यांच्या हिशेबाने पुढची.

गैरसमज २: टायर आतून झिजला, म्हणजे कॅम्बरच बिघडला.
वस्तुस्थिती: चाक वरून आत किंवा बाहेर झुकलेलं असणं म्हणजे कॅम्बर, चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं म्हणजे टो. मल्टिलिंक सस्पेन्शनची गाडी खाली केली की सहसा चाकं वरून आत झुकतात आणि त्याबरोबर टोही हलतो. टायर जास्त खातो तो टोच. चाक अर्धा अंश जरी वळलेलं असलं, तरी दर किलोमीटरला टायर जवळपास ९ मीटर आडवा घासला जातो. हे हातालाही कळतं. टायरवरून तळवा आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागलं, तर टो बिघडलेला आहे. फक्त एकच कड सारखी झिजली असेल, तर संशय कॅम्बरवर घ्या.

गैरसमज ३: ॲडजस्टेबल कॅम्बर आर्म बसवला की काम झालं.
वस्तुस्थिती: त्या आर्मची लांबी बदलली की बहुधा टोही सरकतो. म्हणून आधी कॅम्बर, नंतर टो आणि मग दोन्ही पुन्हा मोजायचे. डाव्या-उजव्या चाकांतला फरकही बघायचा.

गैरसमज ४: मशीनवर घेतली की कुठल्याही गाडीची मागची चाकं जुळवता येतात.
वस्तुस्थिती: स्विफ्ट, आय-ट्वेंटी यांसारख्या गाड्यांत मागे टॉर्शन बीम असतो. तिथे कोन बदलायला कंपनीने सोय दिलेली नसते. आकडे चुकले, तर बीम वाकलाय का, बुश किंवा बेअरिंग गेलंय का, हे आधी तपासायचं. जिम्नीत मागे अखंड ॲक्सल आहे. तिथे लिफ्ट किट बसवल्यावर अडचण वेगळी येते: ॲक्सलला आडवा धरणारा रॉड तिरका होतो आणि ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला ओढला जातो. त्यावर उपाय म्हणजे लांबी बदलता येणारा रॉड.

गैरसमज ५: गाडी जॅकवर असतानाच सगळे बोल्ट आवळले तरी चालतं.
वस्तुस्थिती: आर्मच्या टोकाला असलेल्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला घट्ट चिकटवलेलं असतं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताच रबराला पीळ बसतो. गाडी उभी असतानाही तो पीळ तसाच राहतो आणि बुश लवकर फाटतं. म्हणून बुशचे बोल्ट आधी हलके लावायचे आणि चाकांवर गाडीचा भार आल्यावर टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाला आवळायचे. त्यानंतर गाडी थोडी चालवून स्प्रिंग बसू द्यायच्या आणि मगच अलाइनमेंट करायची.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणून पार्ट घेण्याआधीच आरटीओ आणि विमा कंपनीकडे चौकशी करा.

अलाइनमेंटला जाताना टायरमधली हवा बरोबर असू द्या. चारही चाकांचे आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा आणि ते कंपनीच्या मर्यादेत आहेत का, हे स्वतः बघा. पार्टवर पैसे खर्च करणाऱ्याने अलाइनमेंटचा खर्चही त्याच हिशेबात धरायला हवा, कारण गाडीत बसणाऱ्यांचा जीव त्या चार चाकांवर असतो.