पासवर्ड बरोबर आहे

सकाळी ७:२०

चहा अजून कपातच, तेवढ्यात फोन. शिकारपुऱ्यातल्या एका यंत्रमागवाल्या शेठजींचे मुनीमजी. "भाऊ, मशीन पासवर्ड घेत नाही."

"चुकीचा आहे असं सांगतं का?"

"नाही. घेतल्यासारखं करतं, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तेच नावाचं पान."

म्हणजे पासवर्ड बरोबर आहे. चुकीचा असता तर मशीननं तोंडावर सांगितलं असतं. इथे दार उघडतं, माणूस उंबरा ओलांडतो आणि आतलं कोणीतरी दंडाला धरून त्याला परत ओसरीवर आणून सोडतं. लिनक्सवाले याला लॉगिन लूप म्हणतात. बुऱ्हाणपुरात मी नुसतं 'गोल गोल' म्हणतो, लोकांना लगेच कळतं.

"कशाला हात लावू नका," मी सांगतो. "आणि कोणी 'फॉर्मेट मार देता हूँ' म्हणत आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा." या गावात संगणकाच्या सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध चालतं. पेशंट बरा होतो खरा, पण त्याला मागचं काही आठवत नाही.

९:४०

शिकारपुऱ्यात मागांचा खडखडाट एवढा, की ऑफिसात बोलायचं तर ओरडूनच. मशीन जुनं, पण माझ्या ओळखीचं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. अकरा चालवायला या प्रोसेसरची पिढी जुनी पडत होती. तेव्हा मीच यात लिनक्स मिंट घालून दिलं. दिवाळीच्या मुहूर्तापासून सगळा हिशोब त्यात आहे: कोणाला किती सूत दिलं, किती मीटर कापड परत आलं, कोणाची मजुरी बाकी.

मी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबतो. रंगीत पान जाऊन काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात. मुनीमजींच्या चेहऱ्यावरचा रंगही जातो. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि मशीननं निमूट आत घेतलं. "बघा, तुमचा पासवर्ड आणि तुमच्या फायली जागेवर आहेत. बिघाड पुढे कुठेतरी आहे."

"पुढे म्हणजे कुठे?"

त्यांना कुंडी भंडाऱ्याची आठवण करून दिली. १६१५च्या सुमारास, रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या भुयारातून गावाकडे आणलं. वर शंभराहून जास्त कुंड्या, आत पाणी आपल्या उतारानं वाहतं. गावात पाणी आलं नाही तर नळ बदलून काय होणार? एकेका कुंडीत डोकावत जायचं, आणि कोरडी लागली की तिच्यात आणि आधीच्या ओल्या कुंडीत काय अडकलंय ते शोधायचं. इथेही तसंच. वीज, मग लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, मग नाव विचारणारं पान, मग पडदा रंगवणारी यंत्रणा, मग तुमची खिडक्या-चिन्हांची मांडणी. नाव विचारणाऱ्या पानापर्यंत पाणी येतंय. त्याच्यापुढची कुंडी कोरडी.

मग मुनीमजींनी स्वतःहून सांगितलं, "दोन दिवसांपासून फाईल सेव्ह होत नव्हती. रात्री लाइट गेली, इन्व्हर्टरही बसला, आणि सकाळी हे." आधी सांगितलं असतं तर! पण पेशंट कधी मुख्य लक्षण पहिल्यांदा सांगतो?

डिस्कमध्ये जागा किती ते विचारणारी दोन अक्षरांची आज्ञा आहे, डीएफ. उत्तर आलं: शंभर टक्के भरली. माणूस आत शिरताना मशीनला त्याच्या नावाच्या फोल्डरात दोन-चार छोट्या चिठ्ठ्या लिहाव्या लागतात. लिहायला जागा नाही, म्हणून गोल गोल. मग माझ्या आज्ञा कशा चालत होत्या? काळ्या पडद्यावर आत शिरायला त्या चिठ्ठ्या लागत नाहीत. शिवाय या मशीनची फाइल-व्यवस्था जागेतला पाच टक्के भाग मूळ प्रशासकासाठी राखून ठेवते. अशा वेळी तीच जागा कामी येते.

आता भरलं कशानं? मला वाटलं, सिनेमे असतील. निघाली एकच फाईल, ४१ जीबीची, नाव 'डॉट एक्ससेशन-एरर्स डॉट ओल्ड'. पडद्यावरच्या कुठल्याही कार्यक्रमाचं काही बिनसलं, की तो आपलं रडगाणं या वहीत लिहितो. नव्यानं लॉगिन केलं की जुनी वही बाजूला पडून कोरी सुरू होते. पण हे मशीन दिवाळीपासून कोणी बंदच केलं नव्हतं. तेवढे महिने कोणीतरी एकाच वहीत रडत बसलं होतं.

शेवटच्या दोनशे ओळी पेनड्राइव्हवर घेतल्या आणि फाईल उडवली. कंट्रोल, ऑल्ट, एफ७. पासवर्ड. खिडक्या-चिन्हं हजर. मुनीमजींनी आधी मजुरीचा तक्ता उघडून पाहिला, मग माझ्याकडे.

१२:३०

शनवाऱ्याजवळ माझं दुकान. टेबलावर दोन मशिनं.

पहिलं एका कॉलेजच्या पोराचं, तेच गोल गोल. पण डिस्क रिकामी. त्याच्या फोल्डरात 'एक्सऑथॉरिटी' नावाची ठिपक्यानं सुरू होणारी, म्हणून लपलेली फाईल असते. पडद्याचा प्रवेशपासच तो. मालक पाहिला तर पोराऐवजी 'रूट', तोच मूळ प्रशासक. म्हणजे यानं कुठेतरी वाचून, रूटचे अधिकार देणारी 'सुडो' ही आज्ञा लावून पडदा सुरू केला होता. घराच्या किल्लीवर जमीनदाराचं नाव चढलं, आता घरमालकच बाहेर. मालकी पोराच्या नावे परत केली. एका ओळीचं काम.

दुसरं हट्टी. लॉगिनचं पानही नाही, नुसता काळा पडदा. आत एनव्हिडियाचं जीटी ६१० कार्ड, फर्मी घराण्यातलं. त्याला चालणारा शेवटचा ड्रायव्हर ३९० मालिकेचा, आणि कंपनीनं त्याचा आधार २०२२च्या शेवटी काढून घेतला. अपडेटमध्ये नवा कर्नल आला, जुना ड्रायव्हर त्याच्यावर बसेना. सुरुवातीच्या यादीतून मागचा कर्नल निवडला, तो ड्रायव्हर काढला आणि नूवो नावाच्या खुल्या ड्रायव्हरवर सोडलं. खेळ खेळता येणार नाहीत, बिलं निघतील. गिऱ्हाईक म्हणालं, बिलंच काढायची आहेत.

२:१५

लाइट गेली. भाकरी, भाजी, डुलकी.

४:३०

सीपीसीटी शिकवणाऱ्या एका क्लासच्या मॅडम. मध्य प्रदेशात सरकारी कारकुनीला ही परीक्षा लागते, तिच्यात हिंदी टायपिंगही आलं. बारा मशिनं, बाराही म्हणतात पासवर्ड चूक. "काल रात्रीपर्यंत चालत होतं, दादा!"

इथे गोल गोल नाही, सरळ नकार आहे. म्हणून मी आधी कळफलक पाहतो. कोपऱ्यात बारीक अक्षरात हिंदी. कोण्या उत्साही विद्यार्थ्यानं इनस्क्रिप्ट मांडणी सगळ्या मशिनांवर पहिल्या क्रमांकाला ठेवली होती. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ठरवलेली ही मांडणी मला मनापासून आवडते. मराठीचा क, तेलुगूचा क, बंगालीचा क, सगळे एकाच कळीवर, आणि ती कळ नेमकी इंग्रजी 'के'ची. पण पासवर्डाच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात. 'के'चा ठिपका आणि 'क'चा ठिपका यांत फरक कसा कळणार? पोरं बोटं आपटत होती आणि मशीन इमानदारीनं देवनागरी वाचत होतं.

इंग्रजी पहिली, हिंदी दुसरी असा क्रम लावला. वीस मिनिटं. एवढ्याशा कामाचे पैसे घ्यायला लाज वाटते. घेतो. मॅडमनी वर मावा जिलेबीही मागवली, काळीभोर, तुपानं निथळणारी. पुढचा अर्धा तास माझ्या हातानं कळफलकाला शिवलं नाही.

७:००

दुकान शांत. सकाळचा पेनड्राइव्ह लावला. वही उडवून मशीन चालू झालं, पण रडणारा अजून तिथेच आहे. काही महिन्यांनी पुन्हा गोल गोल होणार. दोनशेच्या दोनशे ओळी एकसारख्या. पडद्याच्या खालच्या पट्टीवर हवामान दाखवणारा एक छोटा कार्यक्रम आहे, त्याला इंटरनेट मिळत नाही आणि तो सेकंदाला कितीतरी वेळा तेच लिहितो. त्या ऑफिसातलं इंटरनेट म्हणजे शेठजींचा मोबाइल. शेठजी उठले की इंटरनेटही उठतं.

तो कार्यक्रम मी बसवलेला नाही.

९:१०

मुनीमजींना फोन. "पट्टीवरचं ते हवामान कोणी लावलं?"

थोडा वेळ नुसतेच माग ऐकू येतात. मग, "मीच लावलं, भाऊ. शाहपूरला माझी केळीची बाग आहे. वादळाचं आधी कळलं तर घडांना टेकू देता येतो."

काढून टाका म्हणणार होतो, ते तोंडातच राहिलं. दुसरा, कमी बोलणारा कार्यक्रम शोधावा लागेल, किंवा त्या वहीला मर्यादा घालावी लागेल. डायरीत लिहिलं: उद्या १० वाजता, शिकारपुरा, हवामान.