भूगोलाचा पहिला धडा: वैनगंगा

चंद्रपूर आणि गडचिरोलीतील शाळांमध्ये भूगोलाची ओळख वैनगंगेपासून करून देणे सर्वांत योग्य ठरते, कारण २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा दोन्ही जिल्ह्यांमधील बरीचशी हद्द याच नदीने आखून दिली होती. नदी किंवा डोंगर यांनी ठरणाऱ्या अशा रेषेला नैसर्गिक सीमा म्हणतात. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा चपराळा अभयारण्याजवळ वर्धेला मिळते, या मिलनस्थळाला संगम म्हणतात, आणि तेथून पुढे प्राणहिता या नावाने वाहणारा प्रवाह महाराष्ट्र व तेलंगणा यांची सीमा बनून सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होतो.

ज्या प्रदेशातील पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांतून अखेरीस एकाच नदीला मिळते, त्याला तिचे खोरे म्हणतात. त्यामुळे ताडोब्याच्या जंगलात पडणारा पाऊस आणि भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती यांच्या देखण्या त्रिवेणी संगमावर पडणारा पाऊस, मधे अनेक तासांचा प्रवास असूनही, गोदावरीच्याच खोऱ्याचा असतो आणि बंगालच्या उपसागरात पोहोचतो. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला आहे, हे तेथील मुलांना पाठ्यपुस्तकाआधीच ठाऊक असते.