ऑटो फिन्श (१८३९-१९१७) : पक्षिशास्त्र, प्रवास आणि वसाहतवाद

प्रस्तावना

ईशान्य भारतापासून व्हिएतनामपर्यंतच्या डोंगराळ जंगलांत करड्या डोक्याचा एक पोपट आढळतो. १८७४ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच्या नावात 'फिन्शी' हा शब्द योजून एका जर्मन पक्षिशास्त्रज्ञाचा गौरव केला. ह्यूम हे राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून आपल्याकडे सुपरिचित आहेत. ऑटो फिन्श यांचे नाव मात्र मराठी वाचकांस फारसे ठाऊक नाही. १८८५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले. त्याच वर्षी न्यू गिनीच्या किनाऱ्यावर, फिन्श यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंदरात, एका जर्मन कंपनीने आपली पहिली वसाहत उभारली. पोपटांचा हा अभ्यासक साम्यविस्ताराच्या कार्यात कसा ओढला गेला आणि त्यामुळे त्याच्या ज्ञानकार्याचे मूल्यमापन कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण आणि संग्रहालयातील कार्य

फिन्श यांचा जन्म ८ ऑगस्ट १८३९ रोजी सायलेशियातील वार्मब्रुन येथे झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. त्यांनी विद्यापीठीय शिक्षण घेतले नव्हते. तरुणपणी ते बल्गेरियात शिक्षक म्हणून राहिले व तेथील पक्ष्यांचे निरीक्षण करून त्यांनी लेखनास आरंभ केला. पुढे हॉलंडमधील लायडन येथील संग्रहालयात साहाय्यक म्हणून काम केल्यावर १८६४ मध्ये ते ब्रेमेनच्या संग्रहालयाचे अभिरक्षक झाले. १८६७-६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोपटांवरील द्विखंडात्मक ग्रंथामुळे त्यांची कीर्ती पसरली आणि १८६८ मध्ये बॉन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. गुस्टाफ हार्टलाउब यांच्यासमवेत त्यांनी पूर्व आफ्रिकेतील पक्ष्यांवरही ग्रंथ लिहिला (१८७०).

या काळातील त्यांचे ज्ञान प्रामुख्याने संग्रहालयातील नमुन्यांवर आणि इतरांच्या वृत्तांतांवर आधारलेले होते. १८६५ मध्ये त्यांनी न्यू गिनी व तेथील रहिवासी यांवर पुस्तक लिहिले, तेव्हा ती भूमी त्यांनी पाहिलीही नव्हती.

प्रत्यक्ष दर्शन आणि मतपरिवर्तन

१८७६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड ब्रेम यांच्यासोबत त्यांनी पश्चिम सायबेरियाचा प्रवास केला. त्यानंतर १८७९ ते १८८२ या काळात ते पॅसिफिक महासागरात हिंडले. हवाई, मार्शल बेटे, न्यू ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा दक्षिण किनारा असा हा दीर्घ प्रवास होता. पक्ष्यांबरोबरच त्यांनी वस्तू, मानवी कवट्या आणि जिवंत माणसांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरचे साचे गोळा केले.

मानवजातीचे एकमेकांपासून तुटक असे वंश असतात, ही कल्पना त्या काळी युरोपात रूढ होती. फिन्श यांना मात्र प्रत्यक्षात निराळेच आढळले. एकाच गावातील माणसांच्या त्वचेच्या रंगात, केसांत व चेहरेपट्टीत इतकी विविधता होती की वंशांच्या सीमारेषा आखणे त्यांना अशक्य वाटले. एक समूह दुसऱ्यात नकळत मिसळत जातो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या प्रवासाचे मानवशास्त्रीय निष्कर्ष १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तकी माहितीवरून बनलेली मते अनुभवाच्या कसोटीवर बदलण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्या ठायी होता, हे येथे मान्य करावे लागते.

न्यू गिनीची मोहीम

मात्र त्याच वर्षी या अनुभवाचा उपयोग वेगळ्याच हेतूने झाला. बर्लिनचे बँकर आडोल्फ फॉन हान्झेमान यांच्या गटाने न्यू गिनीत जमीन मिळविण्यासाठी फिन्श यांना पाठविले. 'सामोआ' या आगबोटीने कप्तान एडुआर्ड डालमान यांच्यासह ते सिडनीहून निघाले. मोहिमेचा खरा उद्देश गुप्त राखण्यात आला होता. त्यांनी ईशान्य किनाऱ्याची पाहणी केली, बंदरे शोधली आणि जमिनीचे व्यवहार केले. नोव्हेंबर १८८४ मध्ये तेथे जर्मन ध्वज फडकला आणि त्या प्रदेशास 'कायझर विल्हेल्म्सलांड' असे नाव मिळाले. आज सेपिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नदीला फिन्श यांनी सम्राज्ञी ऑगस्टाचे नाव दिले. न्यू गिनीतील एका निळ्या स्वर्गपक्ष्याचे त्यांनी ए. बी. मायर यांच्यासमवेत वर्णन केले, तेव्हा त्यालाही ऑस्ट्रियाच्या युवराज रुडॉल्फ यांचे नाव दिले. किनाऱ्यावरील लोकांची नद्यांना आणि पक्ष्यांना स्वतःची नावे होती. युरोपच्या नकाशांवर व सूचींत मात्र राजघराण्यांची नावे आली.

कंपनीची राजवट फार काळ टिकली नाही. हिवतापाच्या साथीमुळे १८९१ मध्ये फिन्शहाफेन येथील वसाहत सोडून द्यावी लागली आणि १८९९ मध्ये प्रदेशाचा कारभार जर्मन शासनाकडे गेला. फिन्श यांनाही वसाहतीत अपेक्षित स्थान लाभले नाही. १८९८ मध्ये ते पुन्हा लायडनच्या संग्रहालयात पक्षिविभागात रुजू झाले व १९०४ पासून ब्राउनश्वाइग येथे मानववंशशास्त्रीय संग्रहाचे काम पाहू लागले. तेथेच ३१ जानेवारी १९१७ रोजी त्यांचे निधन झाले.

समारोप

फिन्श यांच्या जीवनात शास्त्रज्ञ आणि साम्राज्याचा दूत अशा दोन भिन्न व्यक्ती शोधणे सोयीचे असले तरी ते वस्तुस्थितीस धरून होणार नाही. किनारा ओळखणे, स्थानिकांशी व्यवहार करणे, अचूक नोंद ठेवणे हे जे गुण पक्ष्यांच्या अभ्यासास उपयुक्त ठरले, त्यांचाच कंपनीने वापर केला. ज्यांना वेगळा वंश म्हणून बाजूला काढता येत नाही असे त्यांनी स्वतः लिहिले, त्याच लोकांची भूमी परकीयांच्या हाती जाण्यास त्यांचे साहाय्य झाले. त्यांनी जमविलेले नमुने आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. तथापि ते हाताळताना, नमुना कोणत्या पक्ष्याचा आहे याबरोबरच तो कोणत्या परिस्थितीत व कोणाच्या भूमीवरून आणला गेला, हेही विचारणे आवश्यक ठरते. वसाहतकाळातील सर्वच निसर्गसंग्रहांना, भारतातील संग्रहांनाही, हा प्रश्न लागू पडतो.