‘आईकडून आलं’ म्हणजे नेमकं काय? पीसीओएस, जनुकं आणि कारणविचार

मागचं व्याख्यान संपल्यावर इथल्याच, माधवनगरच्या एका बाईंनी आम्हाला गाठून विचारलं, “सर, लेकीला पीसीओएस निघालं. सासूबाई म्हणतात, हे तुझ्याकडूनच आलं. खरं का हो?” आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, डॉक्टर नव्हे. पण एखादी गोष्ट ‘कडून येते’ म्हणजे काय, हा प्रश्न आमच्याच शास्त्रातला. म्हणून आज तोच घेऊ.

१९३५ साली शिकागोत स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांवरून या विकाराचं वर्णन केलं. पाळी अनियमित, अंगावर जादा केस, बीजांडकोश सुजलेले. पुढे दिसलं, की एकाच घरात आई, बहिणी, मावश्यांमध्ये हा विकार आढळतो. मग अनुवंश किती? २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासातून आकडा आला, सुमारे ७० टक्के. आता इथेच गफलत होते बघा. याचा अर्थ तुमच्या मुलीचा विकार ७० टक्के आईचा, असा नाही. त्या समाजातल्या स्त्रियांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला एवढा वाटा जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, इतकंच.

बरं, मग ते जनुक कोणतं? २०११ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी हजारो स्त्रियांचा जनुकसंच चाळला. एक नव्हे, तीन जागा सापडल्या. पुढे ही यादी वाढत गेली, पण प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर. आपल्याकडे मुंबईत परळला प्रजनन स्वास्थ्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या २००९ च्या अभ्यासात इन्शुलिनच्या ग्राहक-जनुकातला एक बदल सडपातळ रुग्ण स्त्रियांमध्ये इन्शुलिनला न जुमानण्याशी आणि वाढलेल्या पुरुषी संप्रेरकांशी जोडलेला दिसला. म्हणजे ‘जाड आहे म्हणून झालं’ हेही सरसकट खरं नाही.

आपले नैयायिक म्हणत, नुसत्या मातीने घडा होत नाही. चाक, दंड, कुंभार, सगळी कारणसामग्री जुळावी लागते. इथेही तसंच. अनेक जनुकं, शिवाय आहार, वजन, हालचाल. म्हणूनच ‘हे जनुक आहे, म्हणजे पीसीओएस होणारच’ असं सांगणारी एकही चाचणी आज नाही. निदान होतं ते पाळी, संप्रेरकं आणि सोनोग्राफी यांवरून.

आणि आणखी एक. मुलीची निम्मी जनुकं वडिलांची असतात. बाप्याला बीजांडकोश नाही, म्हणून त्याच्यातला वारसा दिसत नाही, एवढंच.

तेव्हा बाई, सासूबाईंना सांगा, कारण शोधणं वेगळं आणि दोषी शोधणं वेगळं. दोषी शोधून लेकीला काही मिळणार नाही. कारण कळलं तर मात्र उपयोग आहे. या विकारात पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून लेकीची आणि तिच्या बहिणीचीही साखर वेळेवर तपासून घ्या. वारशाचं ज्ञान यासाठी वापरायचं असतं.