एक कळीचा प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पदवीच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी तापलेला धातूचा गोळा कसा निवतो याचा अभ्यास करीत होता. तापमान मोजणारे उपकरण संगणकाला जोडलेले होते आणि दर ५ सेकंदांनी एक वाचन आपोआप नोंदले जात होते. अशी दोन महिन्यांची वाचने त्या संगणकात साठली होती.

एके दिवशी सकाळी तो घाईघाईने माझ्याकडे आला. "सर, संगणक बिघडला! काल रात्री प्रणाली अद्ययावत केली आणि आज कंट्रोल-शिफ्ट-ई चालतच नाही. सगळे पुसून प्रणाली नव्याने बसवू का?"

"वाचनांची दुसरी प्रत काढून ठेवली आहेस का?" मी विचारले. तो गप्प झाला.

"अरे, मग आधी प्रत काढ. बिघाड नंतर शोधू."

संगणक असो, रेडिओ असो की सायकल असो, दुरुस्तीचा पहिला नियम हाच. जे गमावले तर परत मिळणार नाही, ते आधी सुरक्षित ठेवावे. प्रत निघाली आणि मग आम्ही दोघे शांतपणे कामाला बसलो.

तक्रार नेमकी काय होती?

त्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली होती. तीत 'टर्मिनल' नावाची एक खिडकी असते. चित्रांवर टिचक्या मारण्याऐवजी येथे आज्ञा टंकाव्या लागतात. आमचा विद्यार्थी 'टर्मिनेटर' नावाचे टर्मिनल वापरीत असे. त्यात कंट्रोल, शिफ्ट आणि ई या तीन कळा एकदम दाबल्या की खिडकीचे शेजारी शेजारी दोन भाग होतात. डाव्या भागात वाचने येताना दिसत आणि उजव्या भागात तो आकडेमोड करी. आता मात्र कळा दाबल्यावर खिडकी दुभंगत नव्हती. तिच्याऐवजी पडद्यावर एक 'ई' उमटे आणि त्याच्याखाली बारीक रेघ दिसे.

ही अधोरेखित 'ई' लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला उपयोगी पडणार आहे.

कळ ते पडदा : एक प्रवास

बिघाड शोधण्यापूर्वी यंत्रणा चालते कशी, हे ठाऊक हवे. आपण कळ दाबतो आणि अक्षर उमटते. या दोन क्षणांच्या मध्ये बरेच काही घडते.

कळफलकाच्या पोटात आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी तार एकमेकींना जोडल्या जातात. कळफलकातील एक छोटी चकती सेकंदाला शेकडो वेळा ही जाळी तपासते आणि संगणकाला अहवाल पाठवते. साध्या यूएसबी कळफलकाचा हा अहवाल ८ बाइटांचा असतो. पहिल्या बाइटात कंट्रोल, शिफ्ट यांसारख्या साहाय्यक कळांची नोंद असते. डाव्या कंट्रोलसाठी १ आणि डाव्या शिफ्टसाठी २, म्हणून दोन्ही दाबल्या तर ३. 'ए' या कळेचा क्रमांक ४ असतो आणि तेथून पुढे ओळीने मोजत गेले की 'ई' चा क्रमांक ८ येतो. म्हणजे आमच्या तीन कळांचा निरोप थोडक्यात '३ आणि ८' असा जातो.

हा निरोप प्रथम प्रणालीच्या गाभ्याकडे येतो. लिनक्सचा गाभा 'ई' ला स्वतःचा क्रमांक देतो, १८. हा आकडा १९८० च्या दशकातील आय. बी. एम. संगणकांच्या कळफलकांकडून वारशाने आलेला आहे. पुढे निरोप पडद्यावरील खिडक्यांचा कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीकडे जातो, तेथून लेखन-साहाय्यक आज्ञावलीकडे, मग टर्मिनलकडे आणि सर्वांत शेवटी आज्ञा पाळणाऱ्या 'शेल'कडे. वाटेवरच्या प्रत्येक नाक्यावर कोणीही म्हणू शकतो, "हा निरोप माझा आहे, पुढे पाठवू नका." तसे झाले की पुढच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

मग शिफ्ट कशाला?

येथे तुम्ही विचाराल, की नुसते कंट्रोल-ई का नाही वापरायचे? याचे उत्तर साठ वर्षांहून जुने आहे.

१९६३ साली अमेरिकेत 'आस्की' नावाची सांकेतिक लिपी ठरली. तीत ० ते १२७ असे १२८ संकेत आहेत. त्याच वर्षी आलेले 'टेलिटाइप मॉडेल ३३' हे यंत्र ती लिपी वापरीत असे आणि सेकंदाला १० अक्षरे छापी. या लिपीत मोठ्या 'ई' चा संकेत ६९ आहे, तर छोट्या 'ई' चा १०१. द्विमान पद्धतीत ते असे लिहितात :

मोठी ई : १०००१०१
छोटी ई : ११००१०१

कंट्रोल कळ डावीकडचे दोन अंक शून्य करते. मग दोन्हींचे उरते काय? ००००१०१, म्हणजे ५! 'ई' हे इंग्रजी वर्णमालेतील पाचवे अक्षर आहे, हे ध्यानात घ्या. याच हिशेबाने कंट्रोल-सी म्हणजे ३ आणि कंट्रोल-जी म्हणजे ७. टेलिटाइपला ७ हा संकेत मिळाला की त्याची घंटी वाजे.

आता मेख पहा. मोठी असो वा छोटी, कंट्रोलसह दाबलेल्या 'ई' चा संकेत ५ च येतो. शेलपर्यंत ही जुनी पद्धतच पोचते, त्यामुळे त्याला शिफ्टचा सुगावा लागत नाही. नुसते कंट्रोल-ई तर शेलने आधीच आपल्या कामासाठी घेतलेले आहे. ते दाबले की खूण ओळीच्या शेवटी जाते. म्हणून टर्मिनेटरने शिफ्ट जोडली, आणि निरोप शेलकडे जाण्याआधी तो स्वतःच ही कळत्रयी टिपतो.

तपास

इतके समजल्यावर तपास सोपा झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते वहीत लिहायचे, असे आम्ही ठरवले. जो प्रयोगाचा नियम, तोच दुरुस्तीचा.

पहिली चाचणी. दुसरा कळफलक जोडला. तक्रार तीच राहिली. म्हणजे कळफलक निर्दोष.

दुसरी चाचणी. खिडकीत माऊसची उजवी कळ दाबून यादीतून विभागणीची आज्ञा दिली. खिडकी झटकन दुभंगली. म्हणजे टर्मिनेटरला विभागणी येत होती, फक्त निरोप मिळत नव्हता.

तिसरी चाचणी. कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबले. खिडकीचे वर-खाली दोन भाग झाले. म्हणजे कंट्रोल आणि शिफ्ट यांच्या जोडीलाही कोणाची हरकत नव्हती. अडचण एकट्या 'ई' पुरती होती.

तीनच चाचण्या, पण निम्म्याहून अधिक रस्ता निर्धोक ठरला. बिघाड कळफलक आणि टर्मिनेटर यांच्या मधे कोठेतरी असणार.

"आता सांग, अक्षराखाली अशी रेघ तू आणखी कोठे पाहिली आहेस?" मी विचारले.

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, मराठी टंकताना! रोमन अक्षरांवरून देवनागरी लिहिताना शब्द पुरा होईपर्यंत खाली रेघ असते."

अगदी बरोबर! ती रेघ म्हणजे 'हे लेखन अजून अर्धवट आहे' अशी खूण. लिनक्सवर मराठी, जपानी, चिनी अशा भाषा लिहिण्यासाठी 'आयबस' ही लेखन-साहाय्यक आज्ञावली पुष्कळ ठिकाणी वापरतात, आणि ती खूण तिचीच होती.

चौथी चाचणी. आयबस बंद करून टर्मिनेटर पुन्हा उघडला. कंट्रोल-शिफ्ट-ई दाबताच खिडकी दुभंगली! पण एकदा घडले म्हणून सिद्ध झाले असे नाही. आयबस पुन्हा सुरू केला, तक्रार परतली. बंद केला, गेली. कारण काढले की परिणाम जातो आणि कारण आणले की परिणाम येतो, हे दोन्ही दिसले तेव्हाच आम्ही वहीत निष्कर्ष लिहिला.

चोर नव्हे, नवा शेजारी

झाले होते असे. आयबसच्या नव्या आवृत्तीत हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे, ज्यांना 'इमोजी' म्हणतात, ती लिहिण्याची सोय आली होती आणि तिच्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-ई याच कळा नेमलेल्या होत्या. वाटेत आयबसचा नाका आधी लागतो, म्हणून निरोप तेथेच अडकत होता. उपायही सोपा निघाला. आयबसच्या मांडणीत इमोजीचे पान उघडून ती नेमणूक काढून टाकली. एका मिनिटाचे काम! मराठी लेखन पूर्ववत चालू राहिले आणि खिडकीही दुभंगू लागली. आयबसच्या पुढील आवृत्त्यांत ही मूळ नेमणूक बदलण्यातही आली.

या सर्व प्रकारात मोडलेले असे काहीच नव्हते. कळफलक, टर्मिनेटर आणि आयबस तिघेही आपापले काम चोख करीत होते. एकाच हाकेला दोघे 'ओ' देऊ लागले होते, एवढेच. प्रणाली पुसून नव्याने बसवली असती, तर आयबस तसाच परत आला असता. तक्रार कायम राहिली असती आणि प्रत न काढता पुसले असते तर दोन महिन्यांची वाचने तेवढी गेली असती!

करून पहा

तुमच्या शाळेत लिनक्स असलेला संगणक असेल, तर शिक्षकांच्या परवानगीने टर्मिनल उघडा. सी, ए, टी ही तीन छोटी अक्षरे टंकून एंटर दाबा. आता कंट्रोल-जी दाबा. पडद्यावर टोपीसारखे चिन्ह आणि 'जी' दिसेल. मग एंटर दाबा. संगणकाचा आवाज आणि टर्मिनलची घंटी चालू असेल, तर 'टिंग' असे ऐकू येईल. हा तोच ७ क्रमांकाचा संकेत, टेलिटाइपची घंटी वाजवणारा! शेवटी नव्या ओळीवर कंट्रोल-डी दाबून बाहेर या.

आणि एक प्रश्न तुमच्यासाठी : एंटर कळेचा आस्की संकेत १३ आहे. मग एंटर कळ मोडली, तर कंट्रोलबरोबर कोणते अक्षर दाबून काम भागेल? वर्णमाला बोटांवर मोजा, उत्तर सापडेल.