पेन्शन, पासपोर्ट आणि पळतं घर

समजा, केज तालुक्यातल्या नांदूरघाटचे एक गुरुजी झेडपीच्या शाळेतून ५८व्या वर्षी रिटायर झाले. शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा झाला, तीन तास भाषणंही झाली. आता पुढे काय? तर ऑकलंडहून लेकीचा फोन, "बाबा, आईला घेऊन या. हॉटेलं नकोत, मोटरहोम घेऊ!" मागून काकूंचा आवाज, "म्हंजे गाडीतच राहायचं? अन् न्हाणी?"

काकू, न्हाणीकडे येतोच. पण आधी एक सांगा. माहीत आहे का, निव्वळ हौसेसाठी चाकांवरचं घर बांधून घेणारा पहिला नामांकित गडी स्वतःही रिटायर्डच होता?

त्यांचं नाव डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स. स्कॉटिश माणूस, ब्रिटिश नौदलात डॉक्टर. तब्येतीपायी निवृत्ती घेतली आणि १८८५ साली ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची १८ फुटी कॅराव्हॅन बनवून घेतली. आत पुस्तकांचं कपाट, काचसामानाची मांडणी, सगळा थाट. वजन दोन टनांच्या घरात आणि ओढायला दोन घोडे. आडनावच 'तबेले' म्हटल्यावर घोडे असणारच की!

डॉक्टरसाहेब एकटे निघाले नव्हते बरं. सोबत कोचवान, नोकर, कुत्रा आणि एक काकाकुवा. नोकराची ड्यूटी तर ऐकाच. तीनचाकी सायकलवरून पुढे जायचं आणि अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येतंय का ते बघायचं. पायडलवर चालणारा जीपीएस!

आता थेट जर्मनीत उडी. इस्नी नावाच्या गावात अरिस्ट डेथलेफ्स नावाचे गृहस्थ होते. घरचा धंदा कसला? चाबूक बनवायचा! आणि जोडीला बर्फावर घसरायच्या स्कीच्या काठ्या. माल विकायला महिनोन् महिने बाहेर. त्यांची जोडीदारीण फ्रिडेल चित्रकार. तिला अरिस्टसोबत जायचं होतं आणि वाटेत चित्रंही काढायची होती. मग १९३१ साली अरिस्टनी गाडीमागे जोडायचं एक घरच बनवलं. जर्मनीतली पहिली कॅराव्हॅन म्हणून तिचं नाव घेतलं जातं. डेथलेफ्स कंपनी आजही कॅराव्हॅन आणि मोटरहोम बनवते, त्याच गावात. चाबूकवाल्यालाही घरचा आदेश मोडता आला नाही, याची नोंद समस्त नवरेमंडळींनी घ्यावी.

अमेरिका मागे राहील होय? १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 'टूरिंग लँडो' मांडली. मागची सीट उलगडली की पलंग तयार. ड्रायव्हरशी बोलायला टेलिफोन. आणि काकू, गाडीत शौचाचं भांडंसुद्धा! म्हणजे तुमचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच कुणाला तरी पडला होता.

तर आता न्हाणी. आजच्या मोटरहोममध्ये पाण्याच्या टाक्या तीन. एक चांगल्या पाण्याची. दुसरी 'ग्रे वॉटर'ची, म्हणजे भांडी-अंघोळीचं सांडपाणी. तिसरी 'ब्लॅक वॉटर'ची. रंगावरून ओळखा, जास्त खोलात नको. ही तिसरी पेटी ठरलेल्या डंप स्टेशनवरच रिकामी करायची. हे काम कोणाकडे? गुरुजींकडे. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, आता ही पेटी तपासा. शॉवर आहे, पण टाकीत पाणी मोजकंच असतं. मराठवाड्याच्या माणसाला बादलीभर पाण्यात अंघोळ उरकायला कुणी शिकवायला नको. तिथे आपण ऑलरेडी ॲडव्हान्स बॅचमध्ये!

माहीत आहे का, न्यूझीलंडमध्ये संडासावर कायदाच आहे? कॅम्पिंगच्या पार्कबाहेर, सरकारी मोकळ्या जागेत गाडीत मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी गाडी 'सेल्फ-कंटेन्ड' लागते. २०२३च्या कायद्याने तर आत संडास पक्का बसवलेलाच हवा. सीटखालून ओढून काढायचा डबा आता चालत नाही. पास झालेल्या गाडीला हिरवं कार्ड मिळतं.

जरा इथे ब्रेक लावू. घर गाडीत घालून निघणं ही बीड जिल्ह्याला नवलाई नाही. दिवाळीच्या सुमारास इथून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात किती जोडपी निघतात! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, भांडी, अंथरुणं, शेळी, लेकरं. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल आधीच घेतलेली, पुढचे पाच-सहा महिने मुक्काम कोपीत. ही सहल नव्हे, पोटासाठीची पायपीट. आणि न्यूझीलंडच्या टूरिस्टला जो संडास कायद्याने सक्तीचा, तो फडावरच्या बाईला बहुतेक ठिकाणी मिळतच नाही. चटपटीत फीचरमध्ये हे बसत नाही, ठाऊक आहे. पण बीडच्या वाचकासमोर चाकांवरच्या घराचं कौतुक करायचं आणि हे गाळायचं, हे मला जमणार नाही.

चला, गिअर बदला. आता रेकॉर्ड!

सगळ्यात दांडगी कॅराव्हॅन कुणाची? अबूधाबीचे शेख हमद बिन हमदान अल नाह्यान यांची. २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि पाच मजली! बेडरूम आठ, बाथरूम आठ आणि गाड्या ठेवायला चार गॅरेज. गाडीच्या पोटात गाड्यांची गॅरेज! पार्किंगला जागा मिळाली का, हे कृपया विचारू नये. शेखांना वाळवंट आहे.

आणि सगळ्यात भटकी? हॅरी कोलमन आणि पेगी लार्सन ही जोडी फोक्सवॅगनच्या कॅम्परमधून ऑगस्ट १९७६ ते एप्रिल १९७८ फिरत राहिली. देश ११३. अंतर २ लाख ३१ हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे पृथ्वीला विषुववृत्तावरून पाच फेऱ्या आणि वर बोनस. वीस महिने एकाच व्हॅनमध्ये दोघं! मला किलोमीटरपेक्षा या आकड्याचंच जास्त कौतुक वाटतं.

पण माझे खरे हीरो गुंथर होल्टॉर्फ. विमान कंपनीतली मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून हे जर्मन काका आपल्या निळ्या मर्सिडीझ जी-वॅगनमधून निघाले. गाडीचं लाडाचं नाव 'ओटो'. १९९०पासून सोबतीला जोडीदारीण क्रिस्टीन. दोघांनी हॉटेलांना जवळपास रामराम ठोकला. झोप ओटोमध्येच, नाहीतर बाहेर झोळीत, आणि स्वयंपाक रस्त्याकडेला. दीड-दोन वर्षांचा म्हणून काढलेला प्रवास लांबला तो २०१४पर्यंत. ८ लाख ८४ हजार किलोमीटर! चंद्र इथून साधारण ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. म्हणजे जाऊन-येऊन पुन्हा एक तृतीयांश वाटेच्या जवळ जाता आलं असतं. आणि इंजिन तेच, जुनंच.

क्रिस्टीन २०१० साली कॅन्सरने गेली. गुंथर थांबले नाहीत. ठरलेले देश केले आणि मग ओटोला स्टुटगार्टच्या मर्सिडीझ म्युझियममध्ये नेऊन उभं केलं.

चंद्राचा विषय निघालाच आहे तर, माहीत आहे का, चंद्रावरून आलेल्या माणसांना आपण आधी कुठे ठेवलं? ट्रेलरमध्ये! १९६९ साली आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स समुद्रात उतरले. चंद्रावरचे जंतू सोबत आले असतील या भीतीने त्यांना युद्धनौकेवर एका बदललेल्या 'एअरस्ट्रीम' ट्रेलरमध्ये बंद केलं. हो, तोच चकचकीत ॲल्युमिनियमचा, सुट्टीवर नेतात तो. खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन खिडकीबाहेर उभे राहून गप्पा मारत होते. क्वारंटाइनमध्ये व्हीआयपी व्हिजिटर!

याच एअरस्ट्रीमचे जनक वॉली बायम. साठी ओलांडलेला हा माणूस १९५९ साली ४१ ट्रेलरांचा तांडा घेऊन आफ्रिकेत गेला. केपटाउन ते कैरो! पंढरीच्या वाटेवर दिंडीमागे सामानाचे ट्रक आपण बघतोच. इथे सगळी दिंडीच ट्रेलरमध्ये.

ऑस्ट्रेलियात या फिरस्त्या पेन्शनरांना नावच पडलंय, 'ग्रे नोमॅड्स'. घराला कुलूप लावायचं आणि अख्ख्या खंडाला प्रदक्षिणा घालायची. रस्ता 'हायवे वन', सुमारे १४,५०० किलोमीटर. घाई नाही, हजेरीपट नाही, सीएल-अर्न लीव्हचा हिशेब नाही.

याच रस्त्यावर नलरबॉर नावाचं सपाट, जवळजवळ बिनझाडांचं मैदान लागतं. तिथे १४६ किलोमीटर रस्ता एकदम सरळ. एकही वळण नाही! बीडहून निघालात तर संभाजीनगर येऊन मागे पडेल आणि स्टिअरिंग जागचं हललेलं नसेल. काका पेंगू नयेत म्हणून काकूंनी बोलत राहावं. ही सूचना काकूंना द्यावी लागेल असं वाटत नाही.

तिथल्या लोकांनी कंटाळ्यावर भन्नाट इलाज काढला. माहीत आहे का, तिथे १,३६५ किलोमीटर लांबीचं गोल्फ मैदान आहे? 'नलरबॉर लिंक्स', २००९ साली सुरू. भोकं अठराच, पण वाटेतल्या गावागावांत आणि पेट्रोलपंपांवर वाटलेली. एक शॉट इथे, पुढचं भोक कधी शंभर किलोमीटरवर. कॅडीला मोटरहोमच पाहिजे.

तिथलं घड्याळही अतरंगी. युक्ला भागातले लोक जागतिक वेळेच्या पावणेनऊ तास पुढे. आपल्यापेक्षा सव्वातीन तास. आपल्या साडेपाच तासांवर हसणाऱ्या विदेशी पाहुण्यांना हे जरूर ऐकवा.

सावधान मात्र. राज्याची हद्द ओलांडताना तिथे फळं, भाजी, मध काढून घेतात. शेतीची कीड इकडची तिकडे जाऊ नये म्हणून. न्यूझीलंडचं विमानतळ तर त्याहून कडक. खायचं सामान फॉर्मवर लिहिलं नाही तर जागेवर ४०० डॉलर दंड. तेव्हा काकू, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, लोणचं, सगळं लिहा. लाजू नका. लिहिलेल्याला दंड नाही. फार तर बरणी जाईल.

फ्रान्सला गेलात तर मजाच. १९९३पासून 'फ्रान्स पॅसिओं' नावाची योजना आहे. वर्गणी भरून सभासद व्हायचं, मग द्राक्षमळेवाले, चीज करणारे, शेतकरी आपल्या शेतात एक रात्र गाडी फुकट उभी करू देतात. घ्यायचंच अशी सक्ती नाही, पण सकाळी उठून शेतकऱ्याच्या घरचं काहीतरी घेतल्याशिवाय निघणारा विरळा. आपल्याकडे महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. बालाघाटच्या डोंगररांगेत सीताफळाच्या मोसमात असली योजना कुणी काढली तर पहिली पाटी मी रंगवून देतो.

स्कॉटलंडमध्ये 'नॉर्थ कोस्ट ५००' हा ५१६ मैलांचा फेरफटका फेमस आहे. फक्त त्यातला 'बेलाख ना बा' हा घाट टाळा. एकेरी रस्ता, केसाच्या पिनेसारखी वळणं आणि पायथ्याला फार मोठ्या गाड्या आणि कॅराव्हॅन नेऊ नयेत अशी पाटी. नांदूरघाटची माणसं म्हणतील, घाट तर आमच्या नावातच आहे. असू द्या. नावातला घाट रिव्हर्स घ्यावा लागत नाही.

अमेरिकेतले 'स्नोबर्ड्स' ऐकलेत? थंडी पडली की उत्तरेचे, थेट कॅनडापासूनचे पेन्शनर दक्षिणेला उडतात, आपली घरं घेऊन. ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट हे वाळवंटातलं इवलंसं गाव हिवाळ्यात मोटरहोमांनी फुगतं. या गावात पिरॅमिडसारखी एक समाधी आहे आणि तिच्या टोकावर उंट! ती 'हाय जॉली'ची. खरं नाव हाजी अली. १८५६ साली अमेरिकी सैन्याने उंटांचा प्रयोग केला, तेव्हा आलेला हा उंटवाला. अमेरिकनांना नाव उच्चारता येईना, त्यांनी हाजीचं जॉली करून टाकलं. मुंबईकरांनो, तुमचा हाजी अली वेगळा.

आणि थकल्यावर? टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टन इथे 'एस्केपीज' नावाच्या क्लबने त्याचीही सोय केली आहे. जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८ साली काढलेला हा क्लब. म्हातारपणी किंवा आजारपणात सदस्यांनी आपली गाडी तिथे आणून लावायची. जेवण, देखभाल, सोबत सगळं मिळतं, पण झोपायचं आपल्याच चाकांवरच्या घरात. वृद्धाश्रमाची ही आयडिया मला तरी फर्स्ट क्लास वाटली.

बजेट टाइट आहे? तर ही टीप कात्रण काढून ठेवा. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात लोक एका शहरात गाडी घेतात आणि दुसऱ्या शहरात सोडतात. मग रिकाम्या गाड्या परत न्यायला कंपन्यांना ड्रायव्हर हवे असतात. म्हणून 'रीलोकेशन डील'. भाडं कधीकधी दिवसाला एक डॉलर! अट एवढीच की ठरलेल्या दिवसांत गाडी पोचवायची, आणि तारीख कंपनी सांगेल ती. नोकरदाराला हे जमत नाही. पेन्शनरचा मात्र प्रत्येक वार रविवार.

गाडी डावीकडूनच चालवायची, तेव्हा न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आपल्याला सोपे. बाकी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्याच आरटीओकडून मिळतं. फी एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा जवळ ठेवा. काम बीडच्या एमएच-२३ला असो की अंबाजोगाईच्या एमएच-४४ला, नांदूरघाटहून एसटी पकडा. तिकिटाची गंमत आताच सांगून ठेवतो. मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट. गुरुजींना ज्येष्ठांची सवलत मिळायला पासष्टी गाठावी लागेल. तेव्हा कंडक्टर म्हणेल, "काकूंचं हाफ, काकांचं फुल." आणि काकूंचं उत्तर तयार, "मग गाडी मीच चालवते की! ह्यांचं लायसन्स राहू द्या."